पितांबराचा पिवळा

रविवार, कोजागरीनंतरचा. पेण, दादाचं घर, मागची पडवी. हजर: दादा, वहिनी, माझी भाची, तिची सव्वा महिन्याची मुलगी आणि मी. काम: उटण्याच्या डब्यावर लावायची चिठ्ठी तयार करणं.

कुठलंही काम सुरू करताना कोण होतं आणि काय करायचं होतं हे आधी लिहायची मला सवय आहे. रोह्याला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये माझी बरीच वर्षं गेली, तिथे प्रत्येक शिफ्टला असं लिहावंच लागतं. घरी लागत नाही, पण हात थांबत नाही. आई वैशाखात गेली तेव्हाही मी लिहीत होते. कुणाला कळवलं, कुणाला राहिलं, भटजी, बँक, रेशनकार्डावरचं नाव. भेटायला आलेल्या बायका माझ्याकडे बघायच्या आणि वहिनीला हळूच विचारायच्या, ही रडली का. वहिनी सांगायची, तिला वेळ कुठाय. ते खरंच होतं. पुढे वेळ मिळाला तेव्हाही काही झालं नाही. दात काढायला सुई दिल्यावर जीभ फिरवून बघावी आणि हिरडी कुठे आहे तेच कळू नये, तसे ते महिने होते. कामावर जात होते, डबा खात होते, घरी येऊन झोपत होते.

त्या रविवारी मी पेणला आले ती उटण्यासाठी. दादाचा गणपतीचा छोटा कारखाना आहे. पेणमध्ये मूर्ती घडवतात त्या जागेला कारखानाच म्हणतात. आमचा म्हणजे घराला लागून पत्र्याची एक लांब शेड. आई तिथे रंगकाम करायची, आणि हात चांगला होता तोवर मूर्तीच्या डोळ्यांची आखणीही. गणपती गेले की शेड रिकामी व्हायची आणि आश्विनात तिथेच आईचं उटणं सुरू व्हायचं. जिन्नस आणायची आणि तोलायची आई, दळायची आणि चाळायची वहिनी. वहिनी गडबची, भातशेतीच्या घरातली. लग्न होऊन आली त्या वर्षीपासून हे काम तिचं. ते दिवस संपेपर्यंत तिच्या भांगात, भुवयांवर, नखांत पिवळी पूड असायची. आई म्हणायची, आमची सून दर दिवाळीला नव्यानं हळदीला बसते. वहिनी त्यावर म्हणायची, दर वर्षी हळद लागते, नवरा मात्र तोच मिळतो. दादा ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

उटणं ओळखीच्या घरांत जायचं. रामवाडीत, पेणच्या जुन्या आळ्यांत, डोलवीला कंपनीत कामाला असलेल्यांच्या घरी. कागदाच्या पुड्या, वर काही लिहिलेलं नाही. लिहायची गरजच नव्हती. पुडी उघडली की रंगावरून कळायचं, हे पेणच्या म्हातारीचं.

यंदा वहिनी पहिल्यांदाच एकटी करणार होती. रोह्याच्या बाजारपेठेतला माझ्या ओळखीचा एक दुकानदार म्हणाला होता की डब्यात भरून द्या, मी ठेवतो, पण आत काय आहे ते डब्यावर हवं. हल्ली बायका डबा उलटा करून वाचतात. मी वहिनीला सांगितलं की दुकानात ठेवायचं तर परवाना लागेल, ते काम वेगळं आणि लांबचं आहे, पण सुरुवात जिन्नसांपासून करू. तिला ते पटलं. आई गेल्यापासून ती फार बोलत नव्हती. फोनवर एकदा एवढंच म्हणाली होती की घर तुझ्या दादाचं, कारखाना तुझ्या दादाचा, दागिने तुम्हा दोघांत वाटून झाले, ते बरोबरच आहे, पण उटणं माझं. ते मला आईंनी दिलं. मी बरं म्हणाले होते.

दुसरी गोष्ट बाळाची. आमच्या घरात सव्वा महिना झाला की बाळाच्या अंघोळीला पहिल्यांदा उटणं लावतात. भाची बाळंतपणाला माहेरी आली होती आणि सव्वा महिना पुरा होऊन सोमवारी ती अंघोळ होती. म्हणजे ज्या डब्यावर चिठ्ठी लावायची, त्याच डब्यातलं दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीच्या अंगाला लागणार होतं. वहिनीला दोन्हींची घाई होती.

“लिही गो,” ती म्हणाली. “वर मोठ्या अक्षरांत नैसर्गिक लिही आणि मग बाकीचं.”

मी म्हटलं, बाकीचं आधी लिहू.

स्टोअरमध्ये माल आत घेताना आम्ही काही ठरावीक गोष्टी विचारतो. वस्तू नेमकी कोणती, आली कुठून, किती वापरणार आणि कशासाठी. घरच्या वस्तूला हे विचारलं की माणसं दुखावतात, पण त्याला इलाज नाही. मसूर डाळ घरची निवडलेली, ती लिहिली. आंबेहळद, नागरमोथा, कचोरा, वाळा हे पेणच्या एकाच काष्ठौषधीवाल्याकडून वर्षानुवर्षं येतं, ते लिहिलं, पण पुढे नोंद केली की कचोऱ्याला बुरशीचा वास येतोय, पुन्हा ऊन दाखवावं. गुलाबाच्या पाकळ्या कुठल्या, विचारलं. वहिनी म्हणाली, हारवाल्याकडच्या, उरलेल्या तो स्वस्तात देतो. ती फुलं फवारलेली असतात, हाराला चालतं कारण हार कुणी अंगाला चोळत नाही. मी पाकळ्या खोडल्या. संत्र्याची साल मोठ्यांसाठी ठेवली आणि बाळासाठी काढली, चुरचुरते म्हणून. मग कापूर आला. वहिनी उटण्यात कापूर घालायची आणि बाळाच्या तेलातही उकळायची. एवढ्या लहान मुलाला कापूर नको, तो कातडीतून आत जातो, नाकातूनही जातो आणि झटके येऊ शकतात, असं मी तिला सांगितलं.

“आम्ही सगळी कापराच्या तेलावर वाढलो,” वहिनी म्हणाली.

“वाढलो ते खरं. कापरामुळे वाढलो असं नाय.”

भाची हसली. मांडीवर मुलगी झोपली होती, म्हणून आवाज न करता हसली. वहिनीनं तिच्याकडे बघितलं नाही. मला म्हणाली, तुझ्या कंपनीत पिंपं भरून केमिकल असतं, ते सगळ्यांना चालतं आणि माझा चिमूटभर कापूर तेवढा बाधतो. मी म्हटलं, पिंपात काय आहे ते पिंपावर लिहिलेलं असतं, त्याला कुठे ठेवायचं आणि कुणी हात लावायचा तेही लिहिलेलं असतं, एवढाच फरक. धोतराही कुंपणावर आपोआप उगवतो. तो काही आपण तोंडाला लावत नाही. मागल्या उन्हाळ्यात भाचीनं कोरफडीचा गर काढून बाटलीत भरला होता. कुठलंही केमिकल नको म्हणून टिकवायला काही घातलं नाही, आणि आठवड्यातच वर करडी साय धरली. तिनं तेवढी साय काढून बाकीचा लावला आणि गालभर पुरळ आलं. त्यात दुकानातलं टिकवायचं औषध नेमक्या मापात असतं तर तेच जास्त सुरक्षित झालं असतं. हे मी सांगितलं तेव्हा भाची म्हणाली, आत्या, त्याची आठवण काढायची गरज होती का.

इथपर्यंत काम नेहमीसारखं चाललं होतं. दादा दारात बसून शाडूनं भरलेले साचे खरवडत होता. ऊन पडवीच्या मध्यापर्यंत आलं होतं.

यादी पुरी झाली असं वहिनी म्हणाली. मी एक वाटी घेतली आणि लिहिलेले सगळे जिन्नस त्यांच्या मापात थोडे थोडे घालून कालवले. ही तपासणी मी स्टोअरमध्येच शिकले. कागदावरचं सगळं एकत्र केलं की समोरची वस्तू झाली पाहिजे. झाली नाही तर कागद अपुरा आहे. वाटीत जे झालं ते मातकट होतं. पावसाळा संपताना बांध सुकतो त्या रंगाचं. शेजारी आईच्या पितळी डब्यात वहिनीनं त्याच आठवड्यात दळलेलं उटणं होतं. ते पिवळंधमक होतं.

भाचीनं दोन्हीकडे बघितलं. “आजीचं असं नाय दिसत.”

आंबेहळद जास्त पडत असेल, असं दादा तिकडून म्हणाला. मी हळद दुप्पट केली, तिप्पट केली. मातकटच, जरा उजळ. वहिनी पदरानं पाट पुसत होती, पाट स्वच्छ होता. मग ती म्हणाली, पितांबर राहिला.

हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. गणपतीला नेसवलेलं दाखवतात ते सोवळं पिवळं असतं, तो पितांबर. आमच्या कारखान्यात हंगामातल्या पहिल्या मूर्तीचा पितांबर रंगवायला पिवळ्याचा नवा डबा फोडला की त्यातली एक वाटी पूड आई बाजूला काढायची आणि देव्हाऱ्यात ठेवायची. आश्विनात ती वाटी उटण्यात रिकामी व्हायची. यंदा आईच्या जागी ते वहिनीनं केलं होतं. देवाच्या अंगावरचा रंग घरातल्यांच्या अंगाला लागावा, एवढाच त्यातला विचार. मी लहानपणापासून ती वाटी देव्हाऱ्यात बघितली आहे. पुढे ती कुठे जाते हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. कुणी काही लपवत नव्हतं. तो प्रसाद होता. प्रसाद जिन्नसांत धरत नाहीत, म्हणून वहिनीच्या पाठ यादीत तो आलाच नाही.

मी दादाला त्या रंगाचा डबा आणायला सांगितला. बाकी सगळे रंग दादा आता तयार बाटल्यांतले घेतो आणि यंत्रानं फवारतो. पितांबर तेवढा पूड कालवून हातानं, आईनं सोडू दिलं नाही म्हणून. डबा आला. अर्धा होता. पुढच्या बाजूला दुकानाचा कागद चिकटवलेला, तो मी नखानं काढला. खाली मूळ छपाई होती, बारीक, कंपनीच्या मालावर असते तशी. औद्योगिक वापरासाठी. रंगाचा क्रमांक. तो क्रमांक मला वाचावा लागला नाही. त्याच जातीचा रंग आमच्या स्टोअरमध्ये वेगळ्या जाळीच्या खोलीत असतो. तिथे जाताना हातमोजे आणि नाकातोंडाला मास्क, आणि बाहेर आल्यावर हात धुतल्याची सही. त्या खोलीची किल्ली माझ्याकडे असते.

“यात शिसं आहे,” मी म्हटलं.

दादानं खरवडणं थांबवलं. तो म्हणाला, आईनं सुरू केलं तेव्हा ही पूड नव्हती गो, पिवळी माती होती, पोत्यातून यायची. नंतर दुकानदारानं माती आणायची बंद केली आणि हे द्यायला लागला. हे चढतं चांगलं, एका हातात पितांबर होतो. आईलाही आवडलं. कधी, मी विचारलं. आमचं लग्न व्हायच्या आधी, तो म्हणाला. म्हणजे वहिनी आली तेव्हा माती गेलेली होती.

वहिनी म्हणाली, “देवाला चालतो.”

“देव हात तोंडात घालत नाय, वहिनी.”

मुलीला जाग आली होती. तिनं मूठ तोंडाशी नेली आणि चोखायला लागली, सव्वा महिन्याची मुलं चोखतात तशी. मी ते मुद्दाम दाखवायला बोलले नव्हते.

भाची मला म्हणाली, “आत्या, मला बाकीचं काय कळत नाय. उद्या लावू का नको, एवढंच सांग.”

“नको.”

वहिनी उठली आणि स्वयंपाकघरात गेली. भांडी लावल्याचे आवाज येत राहिले. मी दोन पिशव्यांत नमुने घेतले, एक डब्यातल्या रंगाचा, एक उटण्याचा. वर नावं लिहिली, तारीख लिहिली, हात धुतले, दादालाही धुवायला लावले. चिठ्ठीचं काम अपुरं, असं लिहून दुपारच्या एसटीनं निघाले. रस्ता नेहमीसारखा उखडलेला. गडबला गाडी बराच वेळ उभी होती. कडेच्या शेतात भात कापणीला आलं होतं. वहिनीच्या माहेरचं घर तिथून दिसतं. मी बघितलं, आणि मग नागोठणं येईपर्यंत डोळे मिटून बसले. झोप आली नाही, बाकीही काही आलं नाही.

कंपनीच्या प्रयोगशाळेत एक सहकारी आहे, मशीनवर त्याचाच हात. साहेबांना विचारून त्यानं दोन्ही नमुने लावले. कुठलं मटेरियल, त्यानं विचारलं. घरचं, मी म्हटलं. त्यानं पुढे विचारलं नाही. निकालाचा कागद हातात देताना म्हणाला, अंगाला लावायच्या वस्तूत हे जितकं असलं तरी कुणी हरकत घेणार नाही, त्याच्या कितीतरी वर आहे. आणि उरलेलं कचऱ्यात किंवा खाडीत टाकू नका, बंद करून इकडे आणा, आपल्या घातक कचऱ्याबरोबर जाईल, मी साहेबांशी बोलतो. मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि आलेल्या मालाची तपासणी पूर्ण केली. त्या दिवशी माल बराच होता.

भाचीला मी फोनवर निकाल सांगितला. त्याच आठवड्यात मुलीची लस होती. तिनं मुलांच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं आणि तिथूनच मला फोन केला. डॉक्टर म्हणाले होते, लावलंच नाही ना, मग बाळाची चिंता नको, फक्त ती जागा आणि भांडी नीट धुवून घ्या, आणि झाडू मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा. भाची बरं म्हणून उठणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, दळतं कोण?

भाचीनं सांगितलं, माझी आई. किती वर्षं, कुठे, तोंडाला काही बांधून का, असं त्यांनी विचारलं. मग आजींबद्दलही विचारलं. भाचीनं सांगितलं की आजीचा हात कापायचा, म्हणून आखणी सोडली होती. डॉक्टर म्हणाले, हात कापायला पुष्कळ कारणं असतात, त्या आता नाहीत, तेव्हा ते आता कळायचं नाही. जे कळू शकतं ते बघा. आणि वहिनीच्या नावानं रक्ततपासणीचा कागद लिहून दिला.

आईचा हात कापायचा. कपातला चहा बशीत सांडायचा आणि ती म्हणायची, वय झालं. आम्हीही म्हणायचो, वय झालं. त्यापुढे मी काही लिहिलेलं नाही.

पुढच्या रविवारी मी पुन्हा पेणला गेले. बरोबर मास्क, हातमोजे आणि झाकणाची दोन प्लास्टिकची पिंपं नेली. वहिनी शेडमध्ये होती. तिनं घरघंटी उघडून धुतली होती, चाळण्या फेकून नव्या आणल्या होत्या, जमीन पुसली होती. नवं उटणं पितांबराशिवाय दळून परातीत ठेवलं होतं. मातकट. पाकळ्या नव्हत्या, कापूर नव्हता. मी न सांगता सगळं केलं होतं, फक्त तोंडाला फडकं बांधायचं तेवढं राहिलं होतं. मी मास्क दिला, तिनं तो गळ्यात अडकवला.

आम्ही दोघींनी जुनं उटणं आणि रंग पिंपांत भरला. ती भरत होती, मी झाकणं दाबत होते. आईचा पितळी डबा मात्र तिनं आधीच रिकामा करून घासून ठेवला होता. ते मला बरं वाटलं असावं. काम संपल्यावर मी विचारलं, त्रास काय काय होतो. ती म्हणाली, काय नाय. मग म्हणाली, पोटात कळा येतात, त्या पित्ताच्या. हातांना मुंग्या येतात, त्या कपडे पिळून. डोकं दुखतं, ते तुझ्या दादामुळे. मी हसले नाही म्हणून तिनं माझ्याकडे नीट बघितलं.

रक्ततपासणीचा कागद मी तिच्यासमोर ठेवला. रक्त पेणलाच घेतात, पुढे मुंबईला पाठवतात. उपाशीपोटी जायची गरज नाही, वेळ लागत नाही, माझ्याबरोबर यायचं आणि परत यायचं. हे सगळं मी क्रमानं सांगितलं.

ती म्हणाली, “आणि निघालं रक्तात तर?”

“तर डॉक्टर सांगतील काय करायचं ते. उपाय असतो.”

“तसं नाय विचारत मी. निघालं तर कुणी दिलं म्हणायचं? आईंनी?”

मी म्हटलं, आईला माहीत नव्हतं. ती म्हणाली, ते तुला माहीत हाय, मला माहीत हाय. कागदावर तसं येत नाय. मग बोटांनी परातीतलं उटणं सारखं करत, माझ्याकडे न बघता म्हणाली, “या घरात त्यांनी मला आपल्या हातानं दिलेली एवढी एकच गोष्ट. तपासलं नाय तर ती तशी राहते.”

मी तिथे बसून राहिले. शेडमध्ये पत्रा तापल्याचा आवाज येत होता. रडू यायला हरकत नव्हती, जागा होती, वेळ होता, बघायला कुणी नव्हतं. मी पिंपांवर काय लिहायचं ते लिहिलं आणि दादाला टेम्पोचं विचारायला उठले.

दिवाळी आमच्या घरी यंदा नव्हतीच. परवाना झाला नाही, त्यामुळे रोह्याच्या दुकानाचंही राहिलं. उटणं ओळखीच्या घरांत गेलं, पण पुडीवर चिठ्ठी लावून. कुठला जिन्नस, किती, लहान मुलांना लावू नये, डोळ्यांपासून दूर, पुरळ आल्यास धुवून टाकावं. नैसर्गिक हा शब्द वहिनीनंच काढायला सांगितला. जागा पुरत नाही म्हणाली. जुन्या पुड्या कुणाच्या घरी शिल्लक असतील तर त्या परत मागायच्या, हे दादानं स्वतः केलं. घरोघरी गेला आणि रंगात खोट निघाली असं सरळ सांगितलं. काहींनी दिल्या, काहींनी संपल्या म्हणून सांगितलं. रामवाडीतल्या एका बाईंनी नवी पुडी उघडून वहिनीला विचारलं, यंदा सासूबाई नाहीत म्हणून रंग घातला नाही का. वहिनी व्हय म्हणाली. मी शेजारी होते. मी दुरुस्त केलं नाही, कारण जुनं काय होतं ते दादानं त्या घरी आधीच सांगितलं होतं.

मुलीची अंघोळ भाची मसूर डाळीच्या पिठानं घालते, दुधात कालवून, तेही थोडंच. तेल साधं खोबऱ्याचं. मुलगी अंगानं भरली आहे.

वहिनीला पटावं म्हणून मी माझं रक्त आधी दिलं. दर दिवाळीला मीही तेच उटणं लावलेलं. रिपोर्ट आला, काळजीचं काही नाही असं डॉक्टर म्हणाले. तो मी तिला नेऊन दाखवला. तिनं चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि परत दिला.

“तुझं चांगलं येणारच,” ती म्हणाली. “तू दळत कुठे होतीस?”

ते बरोबर होतं. आई तोलायची, वहिनी दळायची, मी रोह्याहून येऊन पुडी घेऊन जायचे.

वहिनी आधी म्हणाली, दिवाळी होऊ दे. मग तुळशीचं लग्न होऊ दे. मग माघी गणपतीच्या मूर्तींचं काम निघालं आणि दादाला हाताखाली माणूस नव्हतं. पितांबर आता तयार बाटलीतला रंग लावून होतो, तो रंगही मी डबा उलटा करून वाचला. वहिनी मास्क लावते, दिसला की लावते. हातांच्या मुंग्यांबद्दल विचारलं की थंडी म्हणते. डॉक्टरांचा कागद तिनं फाडलेला नाही. आईच्या पितळी डब्यात ठेवला आहे, देव्हाऱ्यात जिथे ती वाटी असायची त्या जागी. मी गेले की झाकण उघडून बघते. तो असतो.

या रविवारची नोंद: पिंपं कंपनीत जमा, पावती घेतली. घरघंटीचं पातं बदललं. परवान्याचा अर्ज भरला. कचोरा नवा आणला, वास ठीक. मुलीची पुढची लस झाली. वहिनीला रक्त द्यायला नेणं, ते पुढच्या पानावर घेतलं आहे.